कूप, काट्या आणि फुले

(बी. ए. भाग २)

‘कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागायची?’ आणि ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ या दोन म्हणी आपण सर्वांनी शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी पाठ केलेल्या आहेत. दोन्हींत कुंपणाची अप्रतिष्ठाच आहे. एकीत ते चोर ठरते, दुसरीत ते सरड्याची मर्यादा ठरते. वस्तुतः खेड्यातल्या माणसाला विचारले तर तो सांगेल की घर बांधण्याआधी जागा राखावी लागते, आणि जागा राखायची म्हणजे पहिल्यांदा कुंपण घालावे लागते. या लेखात कुंपणाविषयी, आणि विशेषतः कमी कष्टात व कमी पाण्यात ते रंगीत कसे करता येते याविषयी, मला जे ठाऊक आहे ते मांडणार आहे. विषय थोडा बायकी वाटेल. वाटो. आमच्या वर्गातील मुलांनी नेटाने पुढे वाचले तर त्यांना रोही आणि रानडुकरेही भेटतील.

आमच्या वाशीमकडे खेड्यात ‘कुंपण’ हा शब्द फारसा कोणी वापरत नाही. आम्ही ‘कूप’ म्हणतो, किंवा ‘कुपाटी’. कूप हा बहुधा वाळलेल्या काट्यांचा असतो. बाभळीच्या आणि बोरीच्या फांद्या तोडून आणायच्या, बुंधा आत आणि काटा बाहेर अशा एकावर एक रचायच्या, मधून मधून मेढी रोवायच्या आणि वरून दाब द्यायचा. काट्या नसतील तर पऱ्हाट्या किंवा तुराट्या उभ्या लावून आडव्या कामट्यांनी बांधतात. कापूस वेचून झाला की उरलेली पऱ्हाटी चुलीत जाते, नाहीतर कुपात जाते. तिसरी जागा तिला नाही. असा कूप एक पावसाळा निभावतो. दुसऱ्या पावसाळ्यात त्याला वाळवी लागते आणि शेजारच्याची बकरी कोठून आत शिरते याचा शोध सुरू होतो. म्हणून दरवर्षी उन्हाळ्यात कूप नवा करणे हे आमच्या घरचे ठरलेले काम असते. हाताला काटे टोचण्याचे काम सर्वांना सारखेच वाटून मिळते. मी कॉलेजात जाते म्हणून त्यातून सूट मिळालेली नाही. शिकणारी आमच्या घरातली मी पहिलीच असले तरी काट्या रचणारी मी पहिली नाही, असे माय म्हणते.

दरवर्षीची ही कटकट टाळावी म्हणून लोक जिवंत कुंपण लावतात. शेर, मोगली एरंड, घायपात, सागरगोटा, मेंदी आणि बेशरम ही त्यातली नेहमीची मंडळी. शेराची कांडी मोडून खोचली की लागते. पण त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, म्हणून तोडताना तोंड बाजूला ठेवावे लागते. मोगली एरंडाला जनावर तोंड लावत नाही, हा त्याचा गुण. त्याच्या बिया मात्र विषारी आहेत आणि चवीला बऱ्या लागतात, हा त्याचा अवगुण. लहान मुले त्या शेंगदाण्यासारख्या खातात आणि मग उलट्यांनी बेजार होतात. वीसेक वर्षांपूर्वी याच झाडाच्या तेलावर गाड्या चालणार असा देशभर गाजावाजा झाला होता. गाड्या काही त्यावर चालल्या नाहीत, पण कुंपणे टिकली आहेत. बेशरम हे नावच असे आहे की अधिक सांगायला नको. फांदी तोडून नाल्यात फेकली तर तेथेही ती मुळे धरते. तिची जांभळट गुलाबी, कर्ण्यासारखी फुले खरोखर सुंदर असतात. ती दिसायला बरी म्हणून कोणी दाराशी लावू नये एवढेच सांगते. बकऱ्यांनी ती खाल्ली तर त्यांना बाधते, आणि एकदा नाल्यात पसरली की पाण्याची वाट अडवते.

फड्या निवडुंगाची कथा तर इतिहासाच्या पेपरात घालण्यासारखी आहे. हे झाड मूळचे अमेरिकेतले. आपल्याकडे ते कुंपण म्हणून पसरले आणि पुढे इतके माजले की चांगली जमीन त्याने व्यापली. अखेर १९२६ साली श्रीलंकेतून कोचिनील जातीची एक कीड आणून सोडण्यात आली. तिने निवडुंगाचा रस शोषून त्याची बेटेच्या बेटे वाळवली. ज्याला तोडून तोडून माणसे थकली ते काम एका पांढऱ्या कापसासारख्या दिसणाऱ्या किड्याने केले.

कुंपणाचा आणखी एक इतिहास आपल्या वऱ्हाडाच्या अगदी उशापर्यंत आलेला आहे. इंग्रजांच्या राजवटीत मिठावर जबर कर होता. कर न भरलेले मीठ इकडून तिकडे जाऊ नये म्हणून सरकारने उत्तर हिंदुस्थानातून थेट बऱ्हाणपूरपर्यंत जकातीची एक रेषा आखली आणि तिच्या बऱ्याच मोठ्या भागावर काटेरी झाडांचे जिवंत कुंपण वाढवले. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, म्हणजे आपल्या कुपात असतात तीच झाडे त्यात होती. काही ठिकाणी ते बारा फूट उंच आणि चौदा फूट रुंद होते. ते वाढवण्यासाठी झटलेल्या अधिकाऱ्यांपैकी एक होते अ‍ॅलन ह्यूम. तेच पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढे होते. १८७९ साली ही रेषा बंद झाली आणि एवढे अवाढव्य कुंपण लोकांच्या आठवणीतूनही नाहीसे झाले. रॉय मॉक्सहॅम या इंग्रज लेखकाने त्याचा माग काढून २००१ साली त्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा कोठे जगाला ते पुन्हा कळले. गरिबाच्या भाकरीवरचे मीठ अडवण्यासाठी काट्या लावणे, हा कुंपणाचा सर्वांत वाईट उपयोग म्हटला पाहिजे. त्याच सुमारास, १८७४ साली, अमेरिकेत ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने काटेरी तारेचे पेटंट घेतले आणि जगभर झाडांच्या काट्यांची जागा लोखंडाच्या काट्यांनी घेण्यास आरंभ झाला. असो.

आता फुलांकडे वळू. तत्पूर्वी आपल्या गावाची थोडी बढाई मारण्याचा मोह आवरत नाही. वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. ‘गुल्म’ या संस्कृत शब्दाचा एक अर्थ झुडूप किंवा झुडुपांचा पुंजका असा आहे. म्हणजे आपल्या गावाच्या नावातच झुडूप आहे. वात्स्यायनाच्या ग्रंथात वत्सगुल्माचा उल्लेख येतो, आणि त्याच ग्रंथात गृहिणीने परसात काय काय लावावे याचीही यादी येते. भाजीपाल्याबरोबर मल्लिका, जाती, तगर, कुरंटक, जपा यांची झुडपे लावावीत असे त्यात आहे. मल्लिका म्हणजे मोगरा, जाती म्हणजे जाई. कुरंटक ती आपली कोरांटी आणि जपा म्हणजे जास्वंद. दीड हजारांहून अधिक वर्षे झाली, वाकाटक गेले, आणि माझ्या मायच्या कुपाला आज कोरांटी आणि जास्वंद आहेच. मायने अर्थातच कोणताही ग्रंथ वाचलेला नाही.

वाचनालयातील फुलबागेची दोन-तीन पुस्तके मी चाळली. त्यांत माती, ऊन, खत, कीड या सर्वांची प्रकरणे आहेत. बकरीचे प्रकरण एकातही नाही. ही पुस्तके शहरातल्या, फाटक असलेल्या बंगल्यांसाठी लिहिलेली असावीत. खेड्यात कुंपणावर फूल लावायचे तर पहिला प्रश्न रंगाचा नसतो, पाण्याचाही नसतो. ते बकरी खाते की नाही, हा असतो. या एका कसोटीवर फुलझाडांचे दोन गट पडतात. सदाफुली, कण्हेर, कोरांटी, झेंडू आणि बोगनवेल यांना जनावर सहसा तोंड लावत नाही. सदाफुली कडू, कण्हेर विषारी, झेंडूला उग्र वास, कोरांटी आणि बोगनवेलीला काटे. प्रत्येकाने आपापली सोय करून ठेवली आहे. गोकर्ण आणि जास्वंद मात्र बकरीला मनापासून आवडतात. गोकर्णाची वेल तर काही ठिकाणी चारा म्हणूनच लावतात. तेव्हा पहिला गट कुपाच्या बाहेरच्या अंगाला आणि दुसरा आतल्या अंगाला, ही आमच्या घरची वाटणी आहे. गोकर्ण आतून चढवली की तिचे शेंडे कुपावरून बाहेर डोकावतात. तेवढे जाणारी-येणारी बकरी खाते आणि वेलीची छाटणी आपोआप होते. शेंडा खुडला की वेल आणखी फुटते.

दुसरा प्रश्न अर्थात पाण्याचा. आमच्याकडे मार्च लागला की विहिरीचा तळ दिसतो. माणसांना आणि ढोरांना पुरवून फुलांना पाणी घालणे हे पापच वाटते. याविषयी मायचे म्हणणे असे, “फुलाले काय लागते? तांदूळ धुतले ते पाणी, भांडे खंगाळले ते पाणी. बस झालं.” यातले शास्त्र बरोबर आहे. फक्त कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी टाळावे, त्याने माती खारवते. मोरीचे पाणी जेथे वाहत जाते तेथे कर्दळ लावावी. तिला ओल हवीच असते, आणि वाहत जाऊन डबके होणारे पाणी ती पिऊन टाकते. लाल आणि पिवळ्या कर्दळीची एक रांग मोरीच्या तोंडाशी असली की घाण दिसत नाही आणि डासही कमी होतात.

पाण्याइतकाच त्रास आपल्या काळ्या मातीचा. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती चिखल होऊन मुळांचा श्वास कोंडते. पुष्कळजणांची झाडे पाण्यावाचून मरत नाहीत, पावसाळ्यात मुळे कुजून मरतात. यावर उपाय सोपा आहे. कुपाच्या पायथ्याशी वीतभर उंचीचा वरंबा करावा, त्यात शेणखत आणि थोडा मुरूम किंवा जाड रेती मिसळावी आणि झाडे वरंब्यावर लावावीत. हे काम मृग लागण्यापूर्वी करून ठेवले की पहिल्या पावसानंतर बी टाकायला जागा तयार असते.

आता एकेका फुलाविषयी. सर्वांची नावे घेत बसले तर संपादक कात्री लावतील, म्हणून मला जी अधिक जवळची आहेत तेवढीच घेते.

सदाफुलीला मी पहिला नंबर देते. हे झाड मूळचे मादागास्कर बेटावरचे. ऊन कितीही तापले तरी ती फुलते, भिंतीच्या भेगेतही उगवते, तिचे बी आपोआप पडते आणि पुढच्या वर्षी रोपे आपणच येतात. पांढरी, गुलाबी आणि मध्ये लाल ठिपका असलेली अशा तिच्या तऱ्हा आहेत. एवढी स्वस्त म्हणून तिची किंमत कोणी करत नाही. पण कॅनडामध्ये मधुमेहावरचे औषध शोधताना शास्त्रज्ञांना तिच्या पानांत भलतेच द्रव्य सापडले. १९५८ साली नोबल आणि बीअर यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्यातून व्हिनब्लास्टिन आणि पुढे व्हिनक्रिस्टिन ही कर्करोगावरची औषधे मिळाली. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या लहान मुलांच्या उपचारात व्हिनक्रिस्टिन आजही दिले जाते. याचा अर्थ घरी सदाफुलीची पाने चावावीत असा मुळीच नाही. ते विषारी द्रव्य आहे, आणि औषध किती द्यायचे हे डॉक्टरांचे काम आहे. गावात साखरेच्या आजारासाठी पाने खाणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

गुलबक्षी उन्हे कलली की उमलते आणि सकाळी मिटते. ढोरे घरी येण्याची वेळ आणि गुलबक्षीची वेळ एकच. आमच्या आजीला घड्याळ कळत नव्हते; गुलबक्षी कळत होती. तिचे बी मिऱ्यासारखे काळे असते. ते बोटाच्या पेराएवढे खोल पुरले की काम झाले. जमिनीखाली तिचा कंद तयार होतो. उन्हाळ्यात वरचे झाड वाळून गेले तरी पाऊस पडताच त्या कंदातून पुन्हा फूट येते. एकाच झाडावर पिवळी, गुलाबी आणि दोन्ही रंगांचे शिंतोडे असलेली फुले लागतात, ते पाहून लहानपणी नवल वाटायचे. ते नवल थोरामोठ्यांनाही वाटले होते. कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने गुलबक्षीवर प्रयोग करून १९०९ साली दाखवून दिले की पानांवरचा पांढरा-हिरवा चट्टेरीपणा पुढच्या पिढीत केवळ मादी झाडाकडून, म्हणजे आईकडून येतो. बापाचा त्यात काही वाटा नसतो. आमच्या घरी हे सांगितले तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. माय मात्र हसली.

तेरड्यावर मराठी भाषेने अन्याय केला आहे. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण एका फुलापुरती खरी असेल. तेरड्याचे झाड श्रावणापासून कित्येक आठवडे फुलत राहते. एक फूल गळते त्या जागी दुसरे येते. त्याची पिकलेली शेंग बोट लागताच फटकन फुटते आणि बी दूर उडते. तेव्हा एकदा लावले की पुन्हा लावावे लागत नाही. ज्याला फुकट रंग हवा त्याने कुपाच्या ओलसर, थोड्या सावलीच्या बाजूला तेरडा टाकावा.

गोकर्णाचे बी कठीण असते. रात्रभर पाण्यात भिजवून लावले तर लवकर उगवते. ती शेंगवर्गातली असल्याने तिच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतून जमिनीला नत्र मिळते. म्हणजे ती घेते त्यापेक्षा देते अधिक. तिची निळी फुले गरम पाण्यात टाकली की पाणी निळे होते आणि त्यात लिंबू पिळले की जांभळे. विज्ञान शाखेच्या मित्रांनी प्रयोगशाळेतील लिटमस संपला तर आमच्या कुपाकडे यावे.

मधुमालती संध्याकाळी पांढरी उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि नंतर लाल; त्यामुळे एकाच घोसात तीन रंग दिसतात. वास गोड असतो. पण ती वेल नव्हे, जवळजवळ झाडच आहे. पऱ्हाट्यांच्या कुपावर तिला चढवू नये. तिच्या भाराने कूप आडवा होतो. तिला लोखंडी खांब किंवा भिंत पाहिजे. तारेच्या कुंपणाला गोकर्ण, गणेशवेल किंवा कृष्णकमळ पुरे. गणेशवेलीची पाने पिसासारखी बारीक आणि फुले लालभडक असतात. तार झाकते, वारा अडवत नाही.

बोगनवेलीला आमच्याकडे कागदी फूल म्हणतात आणि ते नाव अगदी योग्य आहे. जो रंग आपल्याला दिसतो तो पाकळ्यांचा नसतो. त्या रंगीत झालेल्या पानांसारख्या असतात आणि खरे फूल त्यांच्या मध्ये बारीकसे पांढरे असते. फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिल याच्या नावावरून हे नाव पडले. या वेलीला फार पाणी घातले तर ती नुसती पाने काढते. पाण्याचा ताण पडला की फुलते. उन्हाळ्यात सर्व हिरवे संपल्यावर गावात ज्या एकदोन घरांवर गडद गुलाबी रंग दिसतो तो तिचाच. पावसाळ्यात पेन्सिलीएवढी जाड फांदी तोडून लावली की जगते.

झेंडू सर्वांना ठाऊक आहे. ठाऊक नसते ते एवढेच की तो मूळचा आपला नाही, तो मेक्सिकोचा. तिकडे नोव्हेंबरच्या आरंभी लोक आपल्या मृत आप्तांची आठवण काढतात आणि त्यांच्या वाटेवर झेंडूच्या पाकळ्या पसरतात. आपण दसऱ्याला त्याचे तोरण बांधतो, आणि आपट्याच्या पानाइतकाच तो आपला वाटतो. दसऱ्याला फूल हवे असेल तर जुलैत बी टाकावे, रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा; म्हणजे झाड पसरते आणि फुले वाढतात. घरच्या वाळलेल्या फुलाचे बी ठेवता येते. विकतच्या संकरित झेंडूचे बी मात्र पुढच्या वर्षी तसेच फूल देईल याचा भरवसा नसतो. झेंडूचे खरे काम फुलाखाली, मातीत चालते. त्याच्या मुळांतून एक द्रव्य पाझरते आणि त्याने जमिनीतील सूत्रकृमींना आळा बसतो. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने टोमॅटोच्या सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ लावण्याची शिफारस केली आहे. फळ पोखरणारी अळी घालणारा पतंग टोमॅटोऐवजी झेंडूकडे वळतो, असे त्यामागचे तत्त्व आहे. यात एक अट आहे: दोन्ही एकाच वेळी फुलावर यायला हवीत, म्हणून झेंडूचे रोप टोमॅटोच्या रोपापेक्षा सुमारे दोन-तीन आठवडे मोठे असावे लागते. परसात चार वांगी-टोमॅटो लावणाऱ्याने एवढे केले तरी त्याचा फायदा आहे.

सजावटीसाठी बाजारातून काही आणण्याची गरज पडत नाही. तेलाचे रिकामे डबे, फुटकी मडकी, सायकलचा जुना टायर यांना गेरू आणि चुना लावला की कुपावर शोभतात. प्लॅस्टिकच्या बाटल्या आडव्या कापून तारेने टांगल्या तर त्यांत चिनी गुलाब छान येतो. त्याची बोटभर कांडी खोचली की पुरे, आणि ऊन वर आले की तो उमलतो. कॉलेजच्या पहिल्या तासाला मिटलेला असतो, तिसऱ्या तासाला जागा होतो. डब्याला आणि बाटलीला खालून भोक पाडण्यास मात्र विसरू नये. पाणी साचले की मूळ कुजते आणि डासांची पैदास होते ती वेगळीच. कण्हेर, पिवळी बिट्टी आणि गुंज ही तीन लहान मुले असलेल्या घरी हाताशी लावू नयेत. बिट्टीच्या बिया आणि गुंजेचा लाल दाणा खेळायला सुंदर दिसतो, पोटात गेला तर जिवावर बेततो.

टणटणीविषयीही लिहिले पाहिजे. तिला घाणेरी म्हणतात, काही भागांत रायमुनियाही म्हणतात. पिवळ्या-केशरी-गुलाबी फुलांच्या झुबक्यासाठी इंग्रजांनी तिला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बागेत लावायला म्हणून आणले. ती बागेतून निसटली आणि आज देशभरच्या जंगलात पसरली आहे. ती वाढते तेथे गवत वाढत नाही, आणि ढोरांनी पाला खाल्ला तर त्यांना बाधतो. कष्ट न घेता वाढणारे प्रत्येक झाड चांगलेच असते असे नाही.

घराचा कूप येथे संपतो आणि वावराचा सुरू होतो. वावराच्या कुपाला सजावट म्हणणे क्रूरपणाचे होईल. पण आज आपल्या जिल्ह्यात सर्वांत रंगीबेरंगी कुंपण कोणते असे विचारले तर ते साड्यांचे आहे, हे बसमधून येणाऱ्या प्रत्येकाने पाहिले असेल. सोयाबीन आणि तुरीच्या वावराभोवती बांबूच्या काठ्या रोवून त्यांना जुन्या साड्या बांधतात. लाल, हिरव्या, जांभळ्या, जरीच्या काठाच्या. जुन्या साड्या आता बाजारात गठ्ठ्याने विकत मिळतात. रोह्यांचे कळप आणि रानडुकरे रात्रीतून पीक साफ करतात. वाऱ्याने साडी हलते, पलीकडचे दिसत नाही, माणसाचा वास असतो, म्हणून जनावर बिचकते. शेतकरी सांगतात की काही दिवसांनी जनावरांना सवय होते आणि मग साडीचा उपयोग राहत नाही. तेव्हा जागलीला जावेच लागते. माझा भाऊ सोयाबीनच्या दिवसांत रात्री वावरात असतो. त्याने अकरावीत शिक्षण सोडले; मी शिकते आहे. आमच्या धुऱ्यावर मायच्या पाच साड्या आहेत. त्यातली एक मोरपंखी रंगाची आहे. ती तिने माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी नेसली होती. बांधायला देताना तिने ती घडी घालून दिली होती.

काही ठिकाणी लोक तारेत वीज सोडतात. यात रोही मरते, डुक्कर मरते आणि माणूसही मरतो. कित्येकदा तो माणूस घरचाच असतो, अंधारात मोटार चालू करायला गेलेला. थेट वीज सोडणे हा गुन्हा आहे. सौर कुंपणाचा प्रकार निराळा. त्यात क्षणभराचे झटके असतात, जनावर दचकून मागे फिरते पण मरत नाही. ते महाग पडते, म्हणून साड्या.

पूर्वी रबीच्या वावराला फुलांचेच कुंपण असे. गहू, हरभरा किंवा ज्वारीच्या चारी बाजूंनी काटेरी करडईचे तास पेरत. काट्यांमुळे ढोर आत शिरत नसे, तेल घरचे होई, आणि हिवाळ्याच्या अखेरीस सारे वावर पिवळ्या-केशरी चौकटीत बसवल्यासारखे दिसे. फूल आधी पिवळे असते आणि वाळताना केशरी-तांबडे होते. सोयाबीन आले, ज्वारी कमी झाली, करडईही कमी झाली. रोह्यासारखे उंच जनावर करडईने अडत नाही हे खरे. तथापि मोकाट ढोरांसाठी आजही तिच्याइतके स्वस्त कुंपण नाही. भूगोलाच्या तासाला पीकपद्धतीतील बदल शिकताना मला हीच पिवळी चौकट आठवत होती.

सध्या आमच्या गल्लीत भिंती येत आहेत. घरकुल मिळाले, घर पक्के झाले, की पुढचा पैसा भिंतीला जातो. यात चूक काही नाही. दरवर्षी काटे टोचून घेण्याची हौस कोणाला असते? आमच्या घरीही यंदा हाच विषय निघाला. बाबांचे म्हणणे, भिंत एकदा बांधली की पंचवीस वर्षे बघायला नको. मायचे म्हणणे, शेजारची काकू कुपाच्या खिंडीतून विरजण मागते, भिंतीवरून कशी मागेल? आणि सातबारावर तिचे नाव नाही, घराच्या कागदावर नाही. गावात तिच्या मर्जीने चालणारी जागा एकच, ती म्हणजे कुपाच्या कडेची ही दोन हात रुंद पट्टी. हे तिने अशा शब्दांत सांगितले नाही. ती एवढेच म्हणाली, “भिंत बांधा, पन माह्या कोरांटीले हात लावू नका.” शेवटी ठरले ते असे: रस्त्याच्या बाजूला कमरेएवढी भिंत आणि तिच्यावर तार; शेजारच्या बाजूला कूप तसाच. भिंतीच्या पायथ्याशी दीड फूट जागा मातीची सोडायची, फरशी टाकायची नाही. तारेवर गोकर्ण आणि कोपऱ्यातील खांबावर मधुमालती चढवायची. भिंत बांधणाऱ्या मिस्त्रींना ही दीड फूट जागा पटवून देण्यास दोन दिवस लागले.

आपल्या कॉलेजच्या सायकल स्टँडच्या मागे काटेरी तारेचे कुंपण आहे आणि त्याच्या पायथ्याशी मुरूम टाकलेला आहे, म्हणजे पाणी साचत नाही. तेथे गोकर्ण, सदाफुली आणि गुलबक्षी निश्चित येईल. बाहेरून बकऱ्या येतात, म्हणून सदाफुली तारेच्या बाहेर आणि गोकर्ण आत. तिन्हींचे बी घरी डब्यात ठेवले आहे. ज्यांना हवे त्यांनी मृगापूर्वी मुलींच्या कक्षात मला विचारावे. गुलबक्षीचे बी भरपूर आहे, गोकर्णाचे थोडेच आहे.